चार बोटांची नदी

मी जन्मभर नद्या काढल्या आणि मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बडोद्याच्या मोजणी कचेरीत मी ड्राफ्ट्समन होतो. मोजणीदारांनी रानावनात पायपीट करून पेन्सिलीने कागदावर जे उतरवून आणायचं, ते मी सावलीत खुर्चीवर बसून चिनी शाईने पक्कं करायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. वडील पागेतले शिलेदार. लहानपणी त्यांच्याच घोड्यावरून पडून माझा डावा गुडघा कायमचा आखडला. त्यामुळे डोंगर मी पाहिला तो पावागड, तोही हवा स्वच्छ असली की गच्चीवरून दिसतो तेवढा. नदी पाहिली ती आमची विश्वामित्री, जिच्यात पाण्यापेक्षा मगरींचीच चर्चा जास्त. तरीही राज्यातल्या एका डोंगरी नदीचं वळण न् वळण मी डोळे मिटून सांगू शकतो. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे सांगायलाच लिहायला बसलो आहे.

नदीचं नाव लिहीत नाही. ज्या नकाशात ती आहे तो अजून शाळांच्या भिंतींवर टांगलेला आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात माझ्या दादाचं नाव आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो त्याच कचेरीत मोजणीदार होता. दिवाळी झाली की तिपाईवरची फळी म्हणजे प्लेन टेबल, मोजणीची साखळी, होकायंत्र आणि निशाणांच्या काठ्या घेऊन तो निघायचा, तो मृगाच्या आधी परत. सुरतेपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी, आणि त्याच्याही पुढे पाय. मग चार महिने पाऊस कोसळत असताना त्याचे कागद माझ्या टेबलावर यायचे. कचेरीची रीतच तशी होती, कोरड्यात मोजायचं आणि ओल्यात काढायचं. मी काही विचारलं की तो घरी पाटावर बसून, हाताने हवेत वळणं घेत सांगायचा. वाडीतलं आमचं घर दोन खणांचं. वहिनी चुलीपाशी, आम्ही दाराशी. "नदीतून वर या आता, भात निवतोय," असं ती रोज म्हणायची आणि आम्ही रोज अर्धी घटका उशीर करायचो.

ती नदी उगम पावते राज्याच्या नवसारी प्रांताच्या अगदी पूर्वेला, सोनगडच्याही पलीकडे, जिथे खानदेशाची हद्द लागते. एका पठाराच्या कडेखाली दोन झरे आहेत. दादा म्हणायचा, वैशाखात दोन्ही मिळून एक घागर भरायला वेळ लागतो, आणि हीच बाई श्रावणात म्हैस वाहून नेते. आधी ती उत्तरेला जाते. मग डोंगराची सोंड आडवी येते आणि तिला पश्चिमेला वळावं लागतं. उजव्या हाताने तिला दोनच ओढे मिळतात, डाव्या हाताने पाच, कारण डावीकडचे डोंगर उंच आणि पाऊस अडवणारे. दोन्ही काठांना साग, मधूनमधून मोह आणि खैर, आणि जिथे ओल टिकते तिथे बांबूची बेटं. पात्रात काळा खडक. उन्हाळ्यात धार घोट्याएवढी, पण मध्येच असे डोह की साखळीवाल्याचा वीस हाती बांबू टेकत नाही. मला हे सगळं पाठ होतं. कोणत्या डोहाला कुठल्या पाड्यावरून पायवाट उतरते, कुठल्या खडकाला तिथले गामीत लोक नारळ फोडतात, हेसुद्धा.

आणि मग ती घळ. दोन डोंगर एकमेकांच्या इतके जवळ येतात की नदी त्यांच्यामध्ये शिरते आणि दिसेनाशी होते. तीन कोसांनी दुसऱ्या बाजूला बाहेर पडते तेव्हा ती निराळीच असते, रुंद, वाळूची, तुरीच्या शेतांतून रमतगमत जाणारी. खालचा भाग दादाने पहिल्या दोन मोसमांत मोजला होता. तिसऱ्या मोसमात उगमापासून सुरुवात करून तो घळीच्या तोंडापर्यंत आला. मधले तीन कोस तेवढे राहिले. माझ्या कागदावर ते बरोब्बर चार बोटं भरायचे.

तिकडच्या जंगली मुलखाला आमच्या राज्यात रानी महाल म्हणत. तिथे बदली झाली की कारकुनांच्या घरी सुतक आल्यासारखं व्हायचं. पाणी बाधतं, हवा बाधते, आणि धडधाकट माणूस तापाने पोखरून परत येतो, हे बडोद्यात पोराटोरांनाही ठाऊक होतं. दादाला या गोष्टींचं हसू यायचं. तिसऱ्या मोसमाच्या शेवटी तो बैलगाडीत आडवा होऊन सुरतेला आला आणि तिथून आगगाडीने, दोघांच्या खांद्यावर घरी. अंगाचं चिपाड झालेलं, डोळे पिवळे, आणि पोटात डावीकडे पानथरी हाताला लागेल एवढी वाढलेली. एक दिवस आड थंडी वाजून ताप चढायचा. वहिनी दोन गोधड्या आणि वर स्वतःचं अंग टाकून त्याला दाबून धरायची, तरी बाज खडखडायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कोयनेल दिलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "पुन्हा त्या रानात पाठवलात तर माझ्याकडे आणण्याची तसदी घेऊ नका."

हे मी कचेरीत साहेबांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते, हे मला आजही म्हणावं लागतं. महाराज विलायतेच्या प्रवासातून परत यायचे होते, आणि आल्यावर प्रांताचा नवा नकाशा त्यांच्यापुढे ठेवायचा होता. "मध्येच भोक ठेवून नकाशा पुढे करू का?" ते म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवा. तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्याचं कारण मलाही ठाऊक होतं. आमच्या कचेरीत एक अलिखित नियम होता. एकाने धरलेली नदी दुसऱ्याने पुरी करायची नाही. कोपऱ्यात ज्याचं नाव पडायचं त्यानेच ती मोजायची. मोजणीदार त्याचा अभिमान धरत आणि एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे हे लोक हा नियम मात्र पाळत. त्यातून रानी महालात जायला कोण एवढं उतावीळ होतं! "बरे होऊ देत," साहेब म्हणाले. "दिवाळीनंतर जातील. दीड महिन्याचं तर काम."

मी त्या दिवशी घरी लंगडत आलो तो मनाशी ठरवूनच, की दादा जाणार नाही. बाकी काय वाटेल ते होवो.

आता जे केलं ते सांगतो, आणि त्याला चांगलं नाव देत नाही. मी ती चार बोटं स्वतः भरली. दादाचे कोरे कागद त्याच्या पेटीत होते. त्याची पेन्सिल कडक असायची, तो ती खाली धरून दाबून ओढायचा. आकडे उजवीकडे कलते, प्रवाहाचा बाण आखूड. मी वीस वर्षं त्याचं अक्षर बघत होतो. दुपारी तो तापाच्या गुंगीत पडलेला असताना, त्याच्यापासून चार हातांवर बसून मी त्याच्या हाताने लिहीत होतो. नदी घळीत कुठे शिरते ते माहीत होतं, कुठे निघते ते माहीत होतं. मधे ती कशी वागत असेल हे मला कळतं, असा माझा ताठा होता. खडक कठीण लागला की ती बगल देते, ओढा मिळाला की समोरचा काठ खाते. इतकी वर्षं तिची वळणं गिरवून मला वाटायला लागलं होतं की ती मला विचारूनच वळते.

त्या ताठ्यानेच घात केला. सरळ रेघ ओढली असती तर कदाचित कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण माझ्यातला कारागीर गप्प बसेना. मी घळीच्या मध्यावर एक वळण काढलं. डावीकडून एक ओढा येतो, नदी उजव्या डोंगराच्या पायथ्याशी जाते, घोड्याच्या नालासारखी फिरून परत येते, आणि त्या नालाच्या आत थोडी सपाट जमीन. इतकं देखणं वळण साऱ्या नकाशात दुसरं नव्हतं. कागदाला कुंडीतली माती चोळली, दोन घड्या घातल्या, आणि साहेबांना जाऊन सांगितलं की राहिलेला कागद पेटीच्या तळाशी सापडला, तापाच्या भरात दादा विसरला होता. साहेबांनी कागद उजेडात धरला. "भलतंच सुरेख काम केलंय हो तुमच्या भावाने," ते म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं ते मला डिवचताहेत. पण ते मनापासून बोलत होते.

तो पावसाळा आमच्या घरात बरा गेला. बरा म्हणजे काय, दादाचा ताप आठवड्यावर आला, तो भिंतीला टेकून बसायला लागला, त्याची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, तिला तो पाटीवर अक्षरं काढून द्यायचा. दिवाळीनंतर जायचं आहे असं तो म्हणायचा आणि मी विषय बदलायचो. मला खरंच वाटत होतं की मी जिंकलो. एकदा नकाशा छापून झाला की त्याला सांगायचं, असा माझा बेत. रागावेल, आठ दिवस बोलणार नाही, मग बोलेल. भावाचा राग म्हणजे किती दिवसांचा! त्या चार महिन्यांत मी जितका सुखात होतो तितका नंतर कधीच झालो नाही, आणि त्या सुखाची मला आता शिसारी येते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी शिपायाबरोबर शिळाप्रेसवरचा पहिला कच्चा छाप आमच्या घरी पाठवला. दादाचा सन्मान म्हणून. मी कचेरीत होतो. घरी आलो तेव्हा दादा पाटावर बसला होता, कागद जमिनीवर पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. वहिनी खुशीत होती. "बघा हो भावजी, ह्यांचं नाव छापलंय म्हणे!" ती म्हणाली आणि परसात गेली.

दादाने घळीवर बोट ठेवलं. "हे कुठून आलं?"

मी म्हटलं, "तूच तर कागद..."

"मी घळीच्या तोंडाशी उभा होतो," तो हळू बोलला. "दोन्ही बाजूंना उभा कडा आहे. तिथे नदीला कूस बदलायला जागा नाही, आणि तू तिला हे एवढं अंगण दिलंस?"

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, साहेब काय म्हणाले ते. तुझा जीव वाचावा म्हणून केलं, हेही म्हणालो, आणि माझा आवाज चढला, कारण मला वाटत होतं की त्याने माझे आभार मानायला हवेत. तो ऐकत होता. मग म्हणाला, "खाली नाव माझं आहे."

"नावाचं काय लोणचं घालायचंय?"

"तिथून उद्या कोणी सागाचे ओंडके सोडील. रस्ता काढील. तुझ्या त्या सपाट जमिनीवर तळ टाकायला जाईल. आणि मग शोधील की हे कोणी मोजलं होतं." तो दमला होता. थोडा वेळ श्वास घेऊन म्हणाला, "मला विचारलं असतंस तरी चाललं असतं रे. जागा कोरी सोडा असं मीच साहेबांना सांगितलं असतं. कोरी जागा म्हणजे काही गुन्हा नव्हे."

हे मला सुचलंच नव्हतं. खोटं बोलायला सुचलं, पण साहेबांपुढे हात जोडून जागा कोरी सोडा म्हणायला सुचलं नाही. आम्हा कचेरीवाल्यांना कोऱ्या जागेची जेवढी लाज वाटते तेवढी खोट्या रेघेची वाटत नाही. याहून मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केला नाही.

तो साहेबांना काही सांगायला तयार होईना. सांगितलं तर माझी नोकरी जाईल आणि या पायाने दुसरं काम मिळणार नाही, हे तो जाणून होता. शिळेवर अजून दुरुस्ती होऊ शकत होती, खरी छपाई संक्रांतीनंतर. "दीड महिन्यात खरा कागद आणून देतो. तू गुपचूप बदल," तो म्हणाला. मी पाया पडलो. खरोखर पडलो, त्या वाकड्या गुडघ्यासकट. तो हसला आणि म्हणाला, "ऊठ, तुला परत उठता येत नाही मग." वहिनीला त्याने सांगितलं की कचेरीचा हुकूम आहे. ती दारात उभी राहून साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि मी शेजारी उभा राहून तो करू देत होतो. दिवाळीचा फराळ डब्यात भरून तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेला.

मार्गशीर्षात त्याचा जुना साखळीवाला आमच्या दारात आला. पन्नाशीचा गामीत माणूस, पायांत काही नाही, पाठीवर दादाची पेटी आणि कापडात गुंडाळलेलं प्लेन टेबल. सोनगडपासून सुरतेपर्यंत तो चालत आला होता. वहिनीला बघून तो ओट्याच्या खालीच बसला आणि पेटी पुढे सरकवली. "में बहु ना पाडी, बेन," तो म्हणाला. "साहेब मान्या ज नहीं." मी पुष्कळ नको म्हटलं, साहेबांनी, म्हणजे दादाने, ऐकलं नाही. एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. वहिनीला कळायला वेळ लागला नाही. तिचा तो आवाज मी लिहू शकत नाही.

नंतर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. घळीत शिरून दोन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी ताप भरला. पात्रातल्या खडकावरच त्याला झोपवला, कारण आजारी माणसाला उचलून बाहेर काढता येईल अशी वाट नव्हती, दोन्हीकडे कडा. पाचव्या दिवशी गेला. तिथेच लाकडं रचली आणि राख नदीनेच नेली. कुठे, असं विचारलं तर तो म्हणाला, तोंडापासून अर्ध्या दिवसाची चाल आत. याहून जास्त त्याला सांगता येईना, आणि त्याने तरी काय सांगावं, तिथे सांगण्यासारखी खूणच नव्हती.

प्लेन टेबलावर कागद तसाच टाचलेला होता. दादाच्या कडक पेन्सिलीचे तीन बिंदू, त्यांना जोडणारी रेघ. तीनही बिंदू एका सरळ ओळीत होते. त्यापुढे कागद कोरा.

मी साहेबांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. नोकरी जावी अशी माझी इच्छा होती, शिक्षा झाली तर निदान श्वास तरी घेता येईल असं वाटत होतं. साहेब खुर्चीवरून उठले. मग दार लावून घेतलं. "हे आणखी कोणाला सांगितलंत?" मी नाही म्हणालो. "मग सांगू नका. तुम्ही बुडाल याचं मला काही नाही. पण खाली नाव त्यांचं आहे. लोक म्हणतील, मोजणीदाराने घरी निजून नदी काढली. मेलेला माणूस जबाब द्यायला येत नाही." मी म्हटलं, निदान मधला भाग खोडा. ते म्हणाले, महाराज परत आलेत, कच्चा छाप त्यांनी पाहिला, वाखाणला, आता कशाच्या आधारावर खोडू? तीन बिंदूंच्या? त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. मी बाहेर आलो, टेबलाशी बसलो, आणि दुसरी कुठली तरी नदी पुढे ओढली.

नकाशा संक्रांतीनंतर छापून आला. पुढे शाळा वाढल्या तसा तो पुन्हा छापला, आणि दर वेळी ते वळण अधिकच ठसठशीत झालं. नकाशावर कोरी जागा असली की कधी ना कधी कोणीतरी तिकडे जातं. भरलेल्या जागेकडे कोण जाणार? त्या तीन कोसांत आजतागायत दुसरा मोजणीदार गेलेला नाही. म्हणजे दादा जिथे गेला ती जागा कशी आहे, हे कळायची वाट मीच बंद करून ठेवली आहे.

दादाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी ब्राह्मण जेवून गेल्यावर वहिनीने तो नकाशा काढायला लावला. तिला वाचता येत नव्हतं. "भावजी, कुठे ते दाखवा," ती म्हणाली. "साखळीवाला काय सांगत होता ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल."

मी काय करायला हवं होतं? खरं सांगायचं, तर तिचा नवरा कचेरीच्या हुकमाने नाही, माझ्या लबाडीने गेला हे सांगायला हवं होतं. एक वर्ष ती साहेबांना शिव्या देत होती आणि मला वाढत होती. मी बोट ठेवलं. घळीत अर्ध्या दिवसाच्या चालीवर, म्हणजे माझ्या त्या वळणावर. तिने माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ती रेघ चाचपत राहिली.

"इथे नदी फिरते," ती म्हणाली. "म्हणजे पाणी जरा संथ असेल, नाही? आणि ही जमीन सपाट आहे. मला वाटायचं, कुठे दगडाधोंड्यांत पडले असतील. बरं झालं. निदान पाठ तरी टेकली असेल नीट."

"हो," मी म्हणालो.

"माझं झालं की मलाही तिथेच सोडा. तुम्हालाच जागा ठाऊक आहे."

"हो," मी पुन्हा म्हणालो.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. महाराजही आता थकले आहेत, मी तर कधीचाच पेन्शनवर आहे. वहिनी गेल्या थंडीत गेली. शेवटच्या आठवड्यात तिने दोनदा मला त्या वळणाची आठवण करून दिली. पुतणी आता मुलींच्या शाळेत शिकवते, तिला शाळेतून रजा मिळेना, म्हणून अस्थी घेऊन मी एकटाच निघालो. आता सोनगडपर्यंत आगगाडी जाते, पायाची सबब सांगायला जागा नाही. सुरतेला उतरलो, पुढचं तिकीट काढलं, गाडी आली, आणि मी बाकावरून उठलो नाही. गुडघ्याने दगा दिला असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मला ती नदी बघायची नव्हती. दोन सरळ कडे आणि त्यांच्यामधून सरळ जाणारं पाणी, जिथे माणसाला पाठ टेकायला जागा नाही, ते डोळ्यांनी बघण्याची माझी छाती झाली नाही. गाडी निघून गेली. मी परतीच्या गाडीत बसलो, भरूचला उतरलो आणि वहिनीला नर्मदेत सोडलं. नर्मदा पवित्र आहे, नाव ठेवायला कोणाला जागा नाही. पण चाळीस वर्षं तिने एकच गोष्ट मागितली होती आणि ती ही नव्हती.

घरी आलो तर पुतणी दारातच उभी होती. "काका, आईला तिथेच सोडलंत ना? चोक्कस? अगदी नक्की?"

"चोक्कस," मी म्हणालो.

"दाखवा ना मला, कुठे ते. आई मला कधी हात लावू द्यायची नाही." तिने नकाशा आधीच काढून पाटावर पसरून ठेवला होता. मी खाली बसलो आणि बोट ठेवलं. तिने माझं बोट हलकेच बाजूला केलं, वाकून त्या जागेला डोकं टेकवून नमस्कार केला, आणि मी तो तिला करू दिला.